कपाटावरचा कुकर

सेवेतले खून-दरोडे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळू लागले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारावे लागते. कुकरची ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. शाळा-कॉलेजांतल्या भाषणांत मी ती ‘मोडता मोडता वाचवलेल्या घराची गोष्ट’ म्हणून सांगत असे. टाळ्या पडत. आज ती जशी घडली तशी लिहितो.

तेव्हा मी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. हिंजवडीकडे कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्या हद्दीतल्या निम्म्या घरांत विदर्भातून आलेली मुले-मुली कॉटचे भाडे भरून राहत होती. ऑगस्ट जवळ आला की दर चार घरांमागे एक मुलगा अमेरिकेला निघालेला असे. माझा भाचाही त्याच वर्षी निघाला होता. ताईच्या घरी महिनाभर तेच चालले होते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि पाच लिटरचा कुकर. तिकडे कुकरची रिंग मिळत नाही, असे कुणीतरी तिला सांगितले होते. म्हणून मी स्वतः तुळशीबागेत जाऊन दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी आणून दिली होती.

त्याच सुमारास विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचे एक गृहस्थ ठाण्यात आले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन वसतिगृहातून नाहीशी झाली होती. लग्न ठरलेले होते, पत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांचा संशय तिच्याच वर्गातल्या एका मुलावर होता. ‘माही पोरगी तशी नाही साहेब, त्या पोरानं फूस लावली,’ एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मुलगी बावीस वर्षांची, म्हणजे सज्ञान. अपहरणाचा गुन्हा दाखल होण्यासारखे काही नव्हते. मी हरवल्याची नोंद, आमच्या भाषेत मिसिंग, दाखल करून घेतली आणि त्या मुलाला बोलावून आणले. त्याला काहीच माहीत नव्हते म्हणे. समज देऊन सोडला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले.

दोन दिवसांनी खबर आली ती एका एसटीडी बूथवाल्याकडून. हे गृहस्थ अस्सल पुणेकर. ग्राहक काय बोलतो ते आपण ऐकत नाही, असे आधी सांगायचे आणि मग शब्दन् शब्द सांगायचा.

“साहेब, तो मुलगा रोज कात्रजला कुणालातरी फोन करतो. नंबर तेवढा मला दिसत नाही. विषय काय, तर कुकर. केवढा घ्यायचा, कुठला घ्यायचा. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आमच्या घरात कुकरवर इतकं प्रेमाने कुणी बोललेलं नाही.”

आम्ही हसलो. पण अर्थ उघड होता. दोघे संसार थाटत होते. मुलाला पुन्हा उचलून आणले. सकाळपासून दुपारपर्यंत विचारले. ‘ती सुरक्षित आहे, मी शब्द दिलाय,’ याच्यापुढे तो जाईना. मी त्याला दोन थोबाडीत दिल्या. ओठ फुटला, तरी बोलला नाही. चौकशीत शेकडो माणसे पाहिली. शब्दाला असा चिकटून राहणारा माणूस बहुधा स्वतःसाठी खोटे बोलत नसतो. ते मला तेव्हाही जाणवले होते.

मग त्याची खोली पाहायला गेलो. कॉटखाली नवाकोरा कुकर निघाला. माझे हवालदार अनुभवी माणूस, ते खूश झाले. “साहेब, मुद्देमाल सापडला. आता फक्त भटजी शोधायचा.”

मी खोके उघडले. आत दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी होती.

पुण्यात संसार थाटणारा माणूस दोन रिंगा आधीच घेऊन ठेवत नाही. गल्लीच्या तोंडाशी दुकान असते. मी तसाच ठाण्यात परतलो, मुलासमोर बसलो आणि विचारले, “अमेरिकेला कधी जातेय ती?”

थोबाडीत खाऊन न रडलेला तो मुलगा ओक्साबोक्शी रडू लागला. मग सगळे सांगितले. त्यांचे प्रेमबीम काही नव्हते. तिला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, फी माफ आणि वर शिकवण्याचे काम. व्हिसाचा शिक्का बसला होता. पुढच्या आठवड्यात मुंबईहून विमान होते. घरी कळले तर लग्न उरकून टाकतील, म्हणून ती त्याच्या मावशीकडे कात्रजला लपली होती. बाहेर पडायची सोय नाही म्हणून खरेदी तो करत होता. हवालदार हळूच म्हणाले, “पासपोर्टची चौकशी आपणच केली होती साहेब. वसतिगृहाचा पत्ता होता. मुलगी चांगली आहे, असं मीच कळवलंय.”

म्हणजे प्रकरण तिथेच संपले होते. तिचा जबाब घ्यायचा, वडिलांना समजावून गावी पाठवायचे आणि मिसिंग बंद करायची. कायद्याने माझे काम इतकेच होते.

कात्रजला तिनेच दार उघडले. सडपातळ, चष्मा लावलेली, केसांची घट्ट वेणी. घाबरली नाही. “मी सज्ञान आहे साहेब. कुणी पळवलेलं नाही. माझा जबाब घ्या, मी सही करते,” म्हणाली. मी म्हटले, जबाब ठाण्यात घेऊ. कुकर जीपमध्येच होता, तो तिच्या हाती दिला. तिने वाटेतच खोके उघडून रिंगा मोजल्या आणि पुन्हा नीट बंद केले.

ठाण्यात तिला महिला शिपायाजवळ बसवून मी वडिलांना माझ्या खोलीत घेतले. सगळे सांगितल्यावर ते रागावलेही नाहीत. म्हणाले, “मागं दोन पोरी आहेत साहेब. व्याह्याला काय सांगू? गावात तोंड कसं दाखवू?” आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझे पाय धरले.

माझ्या वयाचा माणूस. मलाही एक मुलगी होती, दहावीतली. त्या क्षणी मला त्या बापाचे काय होईल ते दिसले, मुलीचे दिसले नाही. मी विचारले, “तिच्या आईची तब्येत कशी आहे?”

“बरी आहे. रडते नुसती.”

“ती दवाखान्यात आहे असं सांगा.”

त्यांनी मान वर केली. “खोटं बोलू काय साहेब?”

“तुम्ही नका बोलू. मी सांगतो.”

आजवरच्या भाषणांत हा भाग नसे. तिथे मी म्हणत असे की बाप-लेकींना समोरासमोर बसवले आणि मने जुळली.

बाहेर येऊन मी तिला सांगितले की आईला दवाखान्यात दाखल केले आहे, एकदा भेटून ये, विमानाला अजून वेळ आहे. वडिलांकडे तिने पाहिलेही नाही. माझ्याकडे पाहिले.

“साहेब, खरं आहे ना हे?”

“खरं आहे,” मी म्हणालो. अंगावर वर्दी होती.

तिने जरा विचार केला. मग कुकरचे खोके माझ्या टेबलावर ठेवले. “मग हा इथंच राहू द्या. उगाच गावापर्यंत ओझं नको. परवा परत येताना नेते.”

मी स्टेशन डायरीत लिहिले: मुलगी स्वखुशीने वडिलांसोबत गेली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

ती परवा आली नाही. आला तो मुलगा. ओठावरची जखम अजून सुकायची होती. तिने गावाहून त्या एसटीडी बूथवर त्याच्यासाठी कसाबसा एक फोन केला होता. आई घरातच होती. पासपोर्ट काढून घेतला होता आणि लग्न आठ दिवसांवर आणले होते. “काका, तिथल्या ठाण्याला तुम्ही फक्त एक फोन करा,” तो म्हणाला. ज्याला मी आरोपीसारखे वागवले तो मुलगा मला काका म्हणत होता. फोन माझ्या हाताशी होता. मी म्हणालो, हा घरगुती मामला आहे, पोलिसांनी त्यात पडू नये.

तो निघून गेला. कुकर मागितला नाही.

त्याच आठवड्यात भाच्याला सोडायला आम्ही मुंबईच्या सहार विमानतळावर गेलो. ताईने ओवाळले, मी खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “मोठा हो.” त्याची बॅग उचलून ढकलगाडीवर ठेवताना आत काहीतरी खडखडले. मी बॅग पटकन सोडली.

ती मुलगी पुढे सुखी झाली असेलही. मी कधी चौकशी केली नाही. इतरांच्या चौकशा करण्यात आयुष्य गेले, पण हिची करण्याचे धाडस झाले नाही. मारहाणीपेक्षा मोठी जबरदस्ती मी त्या दिवशी केली आणि त्यासाठी आवाजसुद्धा चढवावा लागला नाही. माणूस पोलिसाला घाबरतो तेव्हा तो सावध असतो. विश्वास ठेवतो तेव्हा त्याच्या हातात काहीच उरत नाही. हे कळायला मला एक मुलगी खर्ची घालावी लागली.

कुकर माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवला होता. रात्रपाळीच्या खिचडीसाठी एकाने तो उतरवला, तेव्हा मी इतका ओरडलो की पुन्हा कुणी हात लावला नाही. पुढे माझी बदली झाली. नव्या साहेबांना मी सगळे सोपवले, शस्त्रांच्या किल्ल्या, तपासावरची प्रकरणे, सगळे. निघता निघता त्यांनी वर बोट दाखवून विचारले, “आणि हा कुकर?”

हवालदार दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

“एका मुलीचा आहे,” मी म्हणालो. “परवा नेणार आहे.”