वटवट्यांची शिरगणती

त्या पाणथळीवर मावशींच्या कानांचा शब्द अखेरचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं हेडफोन लावून बसलेल्या मावशी निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्याच्या अखेरीस इथे पक्षी मोजायला यायच्या, तेही डोळे मिटून. बगळे काय, कुणीही मोजेल. पण बोरूच्या उंच पाणगवताच्या दाटीतला वटवट्या अंगठ्याएवढा, मातकट, दिसेल तर शपथ. तो रातकिड्यासारखा बारीक किरकिरतो आणि तेवढ्यावरूनच मोजावा लागतो.

पहिल्या वर्षी मावशींनी एकेचाळीस मोजले. मग तेहेतीस, मग एकोणीस, गेल्या वर्षी सहा. यंदा आठवडाभर बसूनही शून्य.

गेले कुठे? मावशींना चैन पडेना. पाण्यात काठी बुडवून पाहिली. पाणी होतं तेवढंच होतं. रात्री दिव्यापुढे पांढरी चादर टांगून तिच्यावर बसणारे किडे मोजले; खाणाऱ्याने कंटाळावं इतके. राखणदाराच्या मांजरावर दोन दिवस पाळत ठेवली, तर ते मासे खाऊन सुस्त पडलेलं. राखणदार म्हणाला, "मावशी, आता माझीपण झडती घ्या."

पाणथळीच्या साहेबांनी त्यांच्या परीने सरळ विचार केला. वटवट्याच नाही, मग बोरू कुणासाठी? सोमवारी कापून टाकू, बदकांना पाणी मोकळं होईल. मावशींना ते पटत नव्हतं, पण भांडणार कशाच्या जोरावर? शून्य त्यांनीच लिहिलेलं.

शनिवारी धाकटी नणंद बरोबर आली. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलेलं, पक्ष्यांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून बांधलेल्या लाकडी खोलीत दोघी बसल्या. नणंदेने विणकाम काढलं आणि पाच मिनिटांत ठेवून दिलं.

"वहिनी, तुला इथे बसवतं तरी कसं? कानात सुई फिरवल्यासारखं होतंय."

"कसली सुई?"

"ही काय किरकिर चाललीय. थांबली. आता डावीकडे."

मावशी म्हणाल्या, "बोट दाखव बघू. नेमकं."

नणंदेने बोट रोखलं. मावशींनी दुर्बीण लावली. पुढची दहा मिनिटं बोरूच्या शेंड्यांवरून नजर हलवली नाही. एका वाकलेल्या काडीवर तो होता. चोच सताड उघडी, गळा थरथरतोय, सगळं अंग हलवून गातोय. मावशींना वाऱ्याची सळसळ ऐकू येत होती, नणंदेचा श्वास ऐकू येत होता. त्याचा आवाज तेवढा नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. वटवटे कमी झालेच नव्हते. वटवट्यांच्या उंच पट्टीतलं ऐकणं मावशींच्या कानांतून वर्षावर्षाने निघून गेलं होतं आणि बाकी सगळं नीट ऐकू येत असल्यामुळे त्यांना शंकाही आली नव्हती. त्यांना भयंकर लाज वाटली. आणि लाजेच्याही वर, खोटं कशाला सांगा, आनंद झाला.

"मोज," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? कानामागून आलीस आणि तिखट झालीस. आता भोग."

दुपारपर्यंत नणंदेने अडतीस मोजले. तशाच दोघी साहेबांच्या खोलीत गेल्या. मावशींनी सगळं सांगितलं, कानांसकट.

साहेबांनी मोजणीची वही उघडली. "मावशी, हे लिहून दिलंत तर तुमची सगळी वर्षं बाद करावी लागतील. यापुढे तुमचा आकडा कुणी धरणार नाही."

"बाद करा." मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसावं असं त्यांना वाटत नव्हतं. "मी त्यांना मेलेलं समजत होते, साहेब. आणि ते माझ्या पुढ्यात बसून ओरडत होते. कापणी तेवढी थांबवा."

त्यांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून एकेका आकड्यावर स्वतःच काट मारली. साहेबांनी फोन उचलून सोमवारी माणसं नकोत म्हणून सांगितलं.