राक्षसाच्या लहानपणाचा सिनेमा

खोपोलीच्या टॉकीजमध्ये राक्षसाच्या सिनेमाचा नवा भाग लागला होता. पहिल्या भागात ज्याला जाळून मारलं, त्याचंच लहानपण यात दाखवलं होतं. प्रयोगशाळेतलं ते पिल्लू पहारेकऱ्याची हाक ऐकून धावत यायचं. लोक कंटाळून ओरडत होते, "अरे, मोठा कधी होणार हा?"

माझ्या शेजारी एक भाजीवाली रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती पदराने डोळे पुसू लागली, तेव्हा मी विचारलं, "काय झालं, मावशी?"

"मागल्या टायमाला याला जाळला, तवा मी टाळ्या वाजवल्या रं. हाक मारली की येतो, हे तवा कुठं ठाव होतं?"

सिनेमा अर्धा टाकून ती निघून गेली.

टाळ्या मीही वाजवल्या होत्या, आणि त्याही उभं राहून.