लीड्समधली बंद दारं

मुरबाडच्या एसटी स्टँडवर तुमची आई माझ्याकडे बघतच नव्हती. चार वर्षांची होती. सासूबाईंच्या कडेवर बसून बिस्किटाच्या पुड्याचा कागद सोलत होती. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी इंग्लंडमधल्या लीड्सला निघाले होते. गाडी लागली तसे मी तिला घ्यायला हात पुढे केले. सासूबाई म्हणाल्या, "आता घेऊ नको गो. घेतलीस की तू जायची नाय." मी घेतलं नाही. सई, ओम, माझ्या नातवंडांनो, तुम्ही आता दोघं दोन देशांत राहता, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

लीड्सच्या होस्टेलमध्ये माझ्या मजल्यावर आठ खोल्या होत्या आणि सगळी दारं कायम बंद. आपल्या सिद्धगडाखालच्या गावात दिवसा दार उघडंच असतं. माणसं घरात असून दार लागलेलं दिसलं, तर समजायचं, यांचं कुणाशी तरी बिनसलंय. मी माझं दार सताड उघडून भिंतीला टेकवलं, खाली जाडजूड डिक्शनरी अडकवली. स्वयंपाकघरातून परत आले तर डिक्शनरी टेबलावर आणि दार बंद. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

कुणाला तरी मी नकोशी झाले आहे, हे मी ठरवूनच टाकलं. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. वहीत यादी केली: लसणाची फोडणी दिली, बाथरूममध्ये साडी वाळत घातली, सकाळी बुद्धवंदनेतलं त्रिसरण मोठ्यानं म्हटलं. वाचायला बसलं की एकच पान चारदा वाचायचं. उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. फिरायला निघाले तरी कोपऱ्यावरून माघारी वळायचे, न जाणो कुणी बोलायला आलं तर.

त्या शुक्रवारपर्यंत अभ्यासक्रमातून नाव काढून घेता येत होतं. मी अर्ज लिहिला, दोनदा फेअर केला. कारण दिलं, मुलगी लहान आहे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

मुरबाडला ओळखीच्या किराणा दुकानात फोन होता. दर गुरुवारी सासूबाई तुमच्या आईला घेऊन ठरल्या वेळी तिथे येऊन बसत. त्या गुरुवारी ती फोनवर आलीच नाही, दुकानातल्या मांजरामागे पळत होती. मी सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, परत येते, पोर रडत असेल. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी सासूबाईंना हळू बोलता येत नसे.

"पोर नाय रडत. दोन घास जास्त खाते. रडते ती तू. गावाला काय सांगू, कोन बोललं नाय म्हणून आली?" मग जरा थांबून म्हणाल्या, "कोन बोलत नाय तर तू जा की त्यांच्या दारात. आमी काय आमंत्रणाची वाट बघतो?"

दारावर टकटक करायची मला सवय नव्हती. आपण अंगणातून हाक मारतो. संध्याकाळी मी पॅसेजच्या मधोमध उभी राहिले आणि इंग्रजीत खणखणीत आवाजात विचारलं, कुणी आहे का घरात? तीन दारं धाडकन उघडली. एकजण तर चप्पल हातात घेऊनच पळत आला, त्याला वाटलं, कुठे आग लागली. शेजारची एलेनी, ग्रीसहून आलेली, हसत सुटली. माझं दार तीच बंद करत होती. आग पसरू नये म्हणून ही दारं लावून ठेवायचा नियम होता, आणि वॉर्डनची बोलणी मला बसू नयेत म्हणून ती गुपचूप लावून घ्यायची. नियम दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. दार दिवसा भिंतीला टेकलेलं, रात्री त्यावर माझा कोट लटकलेला, म्हणून इंग्रजीच्या बाईंना तो दिसलाच नव्हता.

शुक्रवारी अर्ज दिला नाही. अस्वस्थता गेली असं मात्र नाही. ती वर्षभर राहिली. फक्त आता एलेनीसमोर बोलून दाखवता यायची.

वर्षानं गावी परतले. तुमची आई सासूबाईंना 'आई' म्हणू लागली होती. मी ओट्यावर टेकले तशी ती आत गेली आणि पाहुण्याला देतात तसं तांब्याभर पाणी माझ्यापुढे ठेवून बाजूला उभी राहिली. मी ते पाणी प्यायले. मला पुन्हा 'आई' म्हणायला तिला पावसाळा उजाडला.

म्हणून सांगते, सुट्टीत याल तेव्हा पहिले काही दिवस हे घर तुम्हाला परकं वाटेल, तुम्हीही मला थोडे परके वाटाल. ते लपवू नका. मी पाणी आणून देईन, तुम्ही प्या.