साहेबांचं नाक आणि बिराची घोंगडी

"साहेब, खपली खरवडू नका!" मी ओरडलो. बर्टन साहेबांनी चोरी पकडल्यासारखं बोट मागं घेतलं.

होटगीच्या रेल्वे दवाखान्यात मी डॉक्टर होतो. बर्टन होते पर्मनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे रूळ धड आहेत की नाहीत ते बघणारे. सोलापूरच्या उन्हात दिवसभर रुळावरून ढकलायच्या उघड्या ट्रॉलीवर. नाकाच्या शेंड्यावर खरखरीत चट्टा उठलेला. बरा होत आला की पुन्हा खपली, पुन्हा रक्त. गोरी कातडी वर्षानुवर्षं भाजली की अशा चट्ट्याचा कधी कधी कॅन्सर होतो. मुंबईच्या सर्जननं बजावलं होतं, पावसाळ्याच्या आत बरा झाला नाही तर तेवढं नाक कापून काढावं लागेल.

"डॉक्टर, माझं लग्न ठरलंय. ती बोटीनं येतेय," साहेब रडकुंडीला आले होते. "बंदरावर अर्धं नाक घेऊन कसा उभा राहू?"

मला त्यांची फार दया आली. "टोपी घालता ना?"

"ऑफकोर्स! टोपीशिवाय घराबाहेर पडत नाही."

मी जस्ताचं मलम दिलं. पांढरं, घट्ट, उन्हाला अडवणारं. फरक शून्य! माझं डोकंच फिरलं. शेवटी एक दिवस मी स्वतः त्यांच्या ट्रॉलीवर जाऊन बसलो.

डोक्यावर भलीमोठी, रुंद कडेची सोला टोपी होती, खोटं कशाला सांगू. पण ट्रॉली थांबली की साहेब उतरायचे, टोपी काखेत मारायचे, सरळ पालथे पडायचे आणि एक डोळा मिटून रुळावरून बघायचे. रूळ कुठं वाकलाय ते असंच कळतं. वरून ऊन, खालून तापलेलं लोखंड, मध्ये नाक. उठले तेव्हा माझं सगळं मलम रुळाला लागलेलं.

"अहो, टोपी!" मी कपाळावर हात मारला.

"टोपीची कड रुळाला अडती की," ट्रॉली ढकलणाऱ्या गड्यांचा मुकादम बिरा म्हणाला. "डोळा टेकायचा कसा?"

बिरा धनगराचा. ऐन उन्हाळ्यातही घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेली. मी ती ओढून साहेबांच्या डोक्यावर घातली, पुढं नाकापर्यंत. कड नाही, अडचण नाही.

"इट स्टिंक्स!" मेंढीच्या वासानं गुदमरलेला आवाज आतून आला.

"नाक हवंय का?" मी विचारलं. साहेबांनी खोळ आणखी पुढं ओढली.

पुढच्या थांब्यावर साहेब घोंगडीसकट बाजूच्या रिकाम्या लाइनवर आडवे झाले. तेवढ्यात यार्डातून मालगाडी निघाली. लांबून कुठली लाइन ते काय कळणार? ड्रायव्हरला दिसलं एवढंच, की कुणीतरी म्हातारा रुळावर मान ठेवून पडलाय. करकचून ब्रेक! ड्रायव्हर उडी मारून धावत आला आणि त्यानं साहेबांना दोन्ही पाय धरून फराफरा ओढलं.

"काय कू जान देता रे बुड्ढे? घर में झगडा हुआ क्या?"

"हम इन्स्पेक्टर है!" घोंगडीतून साहेब किंचाळले.

"हौ हौ, और मैं लाटसाब! चल, घर कू चल. बीवी रोती होयेंगी."

मी आणि बिरा हसून हसून ट्रॉलीला टेकलो होतो. खोळ मागं सरकली. आत लालबुंद चेहरा, त्यावर नव्यानं लावलेल्या मलमाचा पांढराफेक नाकाचा शेंडा. ड्रायव्हरनं आधी सलाम ठोकला, मग पळ काढला. त्यानंतर तो घोंगडी दिसली की लांबूनच शिट्टी द्यायचा.

पण साहेबांनी घोंगडी सोडली नाही. पावसाळ्याच्या तोंडाला खपली पडली. खाली गुलाबी, नवी, अखंड कातडी. सर्जननं सुरी परत ठेवली.

मेमसाहेब आल्या. बंदरावर साहेब ताठ उभे राहिले, नाक पुढं करून. त्यांनी नाकाकडं पाहिलंसुद्धा नाही. जवळ आल्या आणि स्वतःचं नाक दाबून विचारलं, "डार्लिंग, इथं मेंढ्या कुठं आहेत?"

हे साहेबांनीच मला सांगितलं, सांगताना टोपी काखेत होती. ती मी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. काखेला ऊन लागत नाही.