डॉरीनची ओळखपरेड

डॉरीन प्रोकोपचुकने आमच्या गावचं पोस्ट चौतीस वर्षं सांभाळलं, आणि त्या चौतीस वर्षांत ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुणाच्या हातात पार्सल ठेवलं नाही. गावात माणसं तीनशे बारा. कुणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कुणाचं लग्न का मोडलं, सगळं तिला तोंडपाठ. तरीही. एकदा तिचा नवरा वॉल्टर पार्सल घ्यायला गेला, तर म्हणाली, "परवाना दाखवा." तो बिचारा उणे तीसच्या थंडीत घरी जाऊन गाडीचा परवाना घेऊन आला. पार्सलात तिच्याच वाढदिवसाची भेट होती. तरी त्याची सही घेतलीच.

बाकी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या कोपऱ्यात दाराला कुलूप लावायची पद्धत नाही. माझ्या ट्रकची किल्ली ट्रकमध्येच असते.

निवृत्त झाल्यावर डॉरीन कर्लिंग क्लबची सचिव झाली. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवून वर्तुळाच्या मध्याजवळ नेण्याचा खेळ; मी तिथे बर्फ तयार करतो. दर फेब्रुवारीत आमची मोठी स्पर्धा असते, आसपासच्या गावांतून बत्तीस संघ येतात. कोणता संघ कधी, बर्फाच्या कोणत्या पट्टीवर दगड सरकवणार, हे ठरवणारा प्रोग्राम आमच्याच मर्व लिंडग्रेनने कधीकाळी लिहिला होता. मर्व आता लेकीकडे केलोनाला राहतो. यंदा जुना संगणक बंद पडला, नवा आणला, म्हणून त्याने तो प्रोग्राम मला ईमेलने पाठवला.

गुरुवारी दुपारी मी तो डाउनलोड करून उघडायला गेलो, तर पडद्यावर निळी चौकट. 'अनोळखी प्रकाशक. हा प्रोग्राम चालवल्यास संगणकाला धोका होऊ शकतो.' आणि खाली भलंमोठं बटण, 'चालवू नका'. पहिला सामना शुक्रवारी सकाळी नऊला होता.

"अनोळखी?" मी पडद्यालाच म्हणालो. "अरे, तू ज्या छपराखाली बसलायस ना, ते मर्वने घातलंय."

"बरोबर बोलतोय तो संगणक," डॉरीन म्हणाली. ती शेजारच्या टेबलावर उद्यासाठी पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरत होती. "पाठवणाऱ्याची सही नाही. मी पण दिलं नसतं."

"अगं, 'अधिक माहिती' दाबलं की 'तरीही चालवा' असं येतं. माझ्या नातीने दाखवलंय मला." मी दाबून दाखवलं. बटण आलं. ते दाबलं, तर त्याला पासवर्ड हवा. पासवर्ड डॉरीनने ठेवलेला.

"सांग ना."

"ओळख पटल्याशिवाय नाही. मर्वच्या नावाने कुणीही पाठवेल. गेल्या महिन्यात आपल्या पाळकांच्या नावाने मेल आला होता, गुपचूप गिफ्ट कार्डं घेऊन ठेव म्हणून. मी सरळ चर्चमध्ये गेले आणि त्यांच्याकडेच ओळखपत्र मागितलं."

"बरं बाई, मी मर्वला फोन करून विचारतो."

"तू केलास तर ओळख तुला पटेल. पासवर्ड माझा आहे." असं बोलून गेली आणि आपण कुठे अडकलो ते तिच्या लक्षात आलं. चेहराच पडला.

कारण डॉरीन आणि मर्व अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. अंतिम सामन्यात मर्वचा दगड वर्तुळाच्या मध्याला जवळ की समोरच्याचा, हे डॉरीनने मोजलं आणि मर्व काडीभर अंतराने हरला असं सांगितलं. मर्व भर क्लबात म्हणाला, "आधी डोळे तपासून ये." तेव्हापासून अबोला.

"आपण हातानेच वेळापत्रक करू," डॉरीन म्हणाली. तिने कागद पसरले, रेघा मारल्या, खोडल्या. तीन वाजेपर्यंत तिच्या कागदावर पाळकांचा संघ स्वतःशीच खेळत होता. तिने पेन्सिल ठेवली, हात पुसले आणि फोन उचलून स्पीकर लावला.

"मर्व लिंडग्रेन बोलताय का?"

"हो. कोण?"

"डॉरीन प्रोकोपचुक, क्लबची सचिव. तुमच्या नावाने एक फाईल आली आहे. ती तुम्हीच पाठवलीत याची खात्री करायची आहे. सांगा, त्या अंतिम सामन्यात जवळचा दगड कुणाचा होता?"

मी कपाळाला हात लावला.

"माझा," मर्व म्हणाला. "तुला तेव्हा दिसला नाही, आता काय दिसणार म्हणा."

डॉरीनने फोनवर तळहात ठेवला. "मर्वच आहे," ती मला म्हणाली. "चोर असता तर गोड बोलला असता." आणि पासवर्ड टाईप करायला बसली.

"थांब," फोनमधून आवाज आला. "तू डॉरीनच कशावरून? मी ओळखतो ती डॉरीन स्पर्धा बुडाली असती तरी मला फोन करणारी नव्हती."

तिची बोटं थांबली. तिने फोन जवळ ओढला.

"दगड तुझा नव्हता," ती म्हणाली. "काडीभर लांब होता. पण मर्व, तो तुझा असता तर बरं झालं असतं, असं मोजताना माझ्या मनात होतं."



"पटली ओळख," मर्व म्हणाला. "दाब बटण. उघडतंय का सांग, मी फोन धरतो."

प्रोग्राम दोन सेकंदांत उघडला. फोन मात्र पाऊण तास चालला, आणि सगळा वेळ दोघं त्या काडीवरूनच भांडत होती.