बटाट्यांच्या खोलीतली संत्री

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात मी पुण्याहून नागपूरला गेलो होतो. अजूनही त्या प्रवासाचा विषय निघाला की डोकं तापतं. निघताना मात्र हरखलो होतो. भाची कुसुमचं लग्न होतं, आणि शाळेत पाठ केलेल्या फुलापानांच्या कविता मी रात्रभर गाडीच्या तालावर गुणगुणत होतो. (मे महिन्यात जाणाऱ्यांनी खिडकीला ओला पंचा बांधावा, खिशात कांदा ठेवावा. कविता ऐच्छिक.)

ताई नागपुरात सीताबर्डीच्या बाजारातच भेटली. स्वस्तात पोट भरायचं तर तिथले झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे खा. नाक-डोळे वाहतील, पण खा. खाता खाता ताईने बेत सांगितला. कुसुमच्या जन्माच्या वर्षी तिने काटोलला लावलेल्या झाडांचं संत्रं पंगतीत प्रत्येक पानावर पडणार होतं. बहार फाल्गुनात संपतो आणि लग्न वैशाखात. म्हणून कात्रीने देठ राखून कापलेली, सावलीत सुकवलेली फळं तिने शहराबाहेरच्या शीतगृहात ठेवली होती. मालकाला बजावलंही होतं, की खोली वेगळी हवी आणि गारवा बेताचा, बटाट्याइतका नको; त्याने संत्र्याची साल जळते.

आम्ही पोचलो, दार उघडलं, तर बटाट्याच्या पोत्यांचा भपकारा! त्या पोत्यांमध्येच आमची खोकी कोंबलेली.

"काहून गा भाऊ, वेगळी खोली सांगतली होती ना?" ताई मालकावर कडाडली.

"थंड ते थंडच ना बाई! बटाट्याले एक थंड अन् संत्र्याले दुसरं, असं रायते का? उलट जास्तच थंडी देली तुमाले. पाहा, कशी चमकून राह्यली!"

चमकत होती खरी. टेम्पोत घालून काटोलला, लग्नघरी नेली. रस्ता चांगला, दोन तासही लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, उन्हाळ्याची हवा लागलेल्या त्या फळांवर तपकिरी खड्डे पडले होते. सोललं तर कडवट, वर पोत्याचा वास. पाऊस नाही, गारपीट नाही, कीड नाही. झाडाने जीव ओतून केलेलं फळ एका माणसाच्या बेफिकिरीने मातीमोल केलं!

तो मालक पंगतीला आला, कडक इस्त्रीत. मी बाह्या सरसावल्या.

"तू गप राय," ताई म्हणाली. "वाढाले मी हावो."

बाकीच्यांच्या पानात बुंदी पडली. त्याच्या पानात तेवढं संत्रं. "खा ना भाऊ. तुमच्याच थंडीतलं हाये."

त्याने फोड तोंडात घातली. चेहरा आक्रसला. भर पंगतीत थुंकणार कुठे?

"काहून गा, गोड नाई का?" शेजारच्याने विचारलं.

त्याने गिळलं. ताईने दुसरं ठेवलं. सगळी पंगत हसली.

पुण्यात परतलो, तर जिन्यातच शेजाऱ्याने विचारलं, "नागपूरहून आलात, संत्री कुठायत?" त्या बिचाऱ्यावर मी असा खेकसलो की तो महिनाभर बोलला नाही.

मालकाची ती फजिती आमच्या घरात अजून रंगवून सांगतात. मला हसू येत नाही. पाठवणीची गाडी दारात उभी असताना, शालू सावरत, खोक्यात वाकून एक तरी धड फळ शोधणारी कुसुम मी पाहिली आहे.