भाऊंचा ‘नाही’

सहा वेळा निवडून आलेला आमदार सभागृहात करतो तरी काय, असं लोक मला विचारतात. मी भाऊंचा पीए, एकोणीस वर्षं. खरं सांगू? तो ‘होय’ म्हणतो. अध्यक्ष पुकारतात, “अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे,” आणि भाऊ म्हणतात. विधेयक कशाचं होतं, हे मला नंतर जिन्यात विचारतात. एकदा डुलकीतून दचकून उठले तेही ‘होय’ म्हणतच. तेव्हा साधी प्रश्नोत्तरं चालली होती. सगळे हसले, भाऊही हसले.

बाहेर मात्र माणूस लाखात एक. कुणाचं पेन्शन अडलं की कचेरीत जाऊन साहेबाच्या टेबलासमोर ठाण मांडणार. म्हणून तर लोक निवडून द्यायचे.

मग लहान दवाखाने बंद करायचं विधेयक आलं. भाऊंच्या ताई अशाच एका दवाखान्यात नर्स. आई गेल्यावर भाऊंना त्यांनीच वाढवलं, त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. त्या घरी आल्या आणि चहाला हात न लावता म्हणाल्या, “पास होणारच, कळतं मला. तुझ्या एकट्याने काही अडत नाही. पण कुणीतरी ‘नाही’ म्हणावं, आणि ते तू म्हणावंस. मी ऐकायला येईन.”

पक्षाचा आदेश मोडला तर पुढचं तिकीट गेलंच. तरी भाऊ म्हणाले, “खड्ड्यात गेलं तिकीट.” आठवडाभर दाढी करताना आरशासमोर ‘नाही’, ‘नाही’ चाललं होतं. मला हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मतदानाच्या दिवशी ताई गॅलरीत माझ्या शेजारी बसल्या. अध्यक्षांनी अनुकूलांना पुकारलं. आमच्या बाकांवरून एकच गलका उठला आणि त्यात सगळ्यांच्या वर भाऊंचा आवाज, “होय!” जित्याची खोड, दुसरं काय! ‘नाही’ म्हणायची पाळी आली तेव्हा भाऊ मागे रेलून, काम फत्ते झाल्यासारखे, रुमालाने घाम पुसत होते.

बाहेर आले ते शाळेत पहिला नंबर आल्यासारखे. “म्हणालो की नाही, ताई?”

ताई काही बोलायच्या आत पक्षाच्या प्रतोदांनी भाऊंच्या पाठीवर थाप मारली. “भाऊ, तुमचीच धास्ती होती. पण तुमचा ‘होय’ सगळ्यात खणखणीत!”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“ताई, देवाशप्पथ, मी ‘नाही’च म्हणालो गं.”

“तुला तसं वाटलं असेल.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी उचलली. “निघते. सहा पेशंट आहेत, त्यांना हलवायची सोय बघायला हवी.”

“मी गाड्या पाठवतो ना. म्हणशील तेवढ्या.”

“नको रे,” ताई म्हणाल्या. “मी एक शब्द मागितला होता.”